अग्निशामक दलाचे अनुदान आणि त्याचा ताळेबंद

दीपावलीच्या शुभमुहूर्तावर, भगवान महावीरांच्या निर्वाणकल्याणकाच्या पुण्यदिवशी, आपल्या पेढ्यांवर नव्या वह्यांचे पूजन होते. वहीच्या पहिल्या पानावर शुभचिन्ह रेखिले की त्यापुढील प्रत्येक पानास एकच धर्म लागू होतो. आलेला प्रत्येक रुपया जमेस व गेलेला प्रत्येक रुपया नावे लिहिला गेला पाहिजे, आणि वर्षअखेरीस दोहोंचा मेळ बसला पाहिजे. हा धर्म व्यापाऱ्याच्या अंगी इतका मुरलेला असतो की चार आण्यांचा फरक राहिला तरी जुने मुनीम रात्र रात्र वह्या चाळीत बसत. परंतु जो पैसा सरकारी तिजोरीतून आपल्याच रक्षणासाठी खर्च होतो, त्याचा हिशेब मागावा असे मात्र आपल्या मनात सहसा येत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका खर्चाचा, म्हणजे स्थानिक अग्निशामक दलांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचा, विचार करावयाचा आहे. हे अनुदान कितपत फलदायी ठरते, आणि ते ठरविण्याची योग्य रीत कोणती, हा त्यातील मुख्य प्रश्न होय.

हा विषय ग्वाल्हेरकरांस परका नाही. महाराज बाड्यावरील व्हिक्टोरिया मार्केट ही संस्थानकाळातील देखणी वास्तू २०१० साली आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. पुढे तिचा जीर्णोद्धार झाला व तेथे भूविज्ञान संग्रहालयाची स्थापना झाली. तथापि ज्यांची दुकाने त्या आगीत गेली, त्यांच्या मनातील आच अद्याप पुरती शमली नसेल. त्याहून हृदयद्रावक प्रसंग मे २०२० मधील. इंदरगंज भागात खाली रंगाचे दुकान व वर राहते बिऱ्हाड अशा एका इमारतीस आग लागली आणि त्या घरातील लहान मुलांसह सात जीवांचा अंत झाला. खाली दुकान आणि वर घर ही आपल्या बाजारपेठांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आज आपल्यापैकी अनेक कुटुंबे दर्पण कॉलनीसारख्या नव्या वसाहतींत राहावयास गेली असली, तरी त्यांच्या पेढ्या दालबाजार, सराफा, दौलतगंज येथील दाटीवाटीच्या गल्ल्यांतच आहेत, आणि कित्येकांचे वृद्ध आईवडील अजून त्या जुन्या माडीवरच राहतात. म्हणून बंब वेळेवर येतो की नाही हा प्रश्न आपल्या मालाइतकाच आपल्या माणसांचाही आहे.

अनुदानाची आवश्यकता

अग्निशमन हे काम प्रारंभी सरकारचे नव्हतेच. लंडन शहरात अठराव्या शतकात विमा कंपन्या आपापली पदरची दले बाळगीत. १८३३ साली प्रमुख कंपन्यांनी ती एकत्र करून एक संयुक्त दल उभारले व जेम्स ब्रेडवुड या कुशल अधिकाऱ्याकडे त्याचे नेतृत्व दिले. १८६१ च्या जून महिन्यात थेम्स नदीकाठच्या टूली स्ट्रीट येथील वखारींना भयंकर आग लागली. कापूस, ताग, चरबी, मसाल्याचे पदार्थ असा व्यापारी माल तेथे ठासून भरला होता. भिंत कोसळून स्वतः ब्रेडवुड मृत्युमुखी पडला. एवढे नुकसान सोसल्यावर विमा कंपन्यांनी सरकारास कळविले की हा भार आता आमच्याने उचलवत नाही. त्यातून १८६५ चा कायदा झाला आणि लंडनचे अग्निशामक दल सार्वजनिक पैशावर चालू लागले. व्यापाऱ्यांच्या वखारी जळाल्या, तेव्हा सरकारी साहाय्याचा जन्म झाला, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या देशात अग्निशमन हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानास जी बारावी अनुसूची जोडली गेली, तीत नगरपालिकांच्या कार्यांत अग्निशमन सेवेचा समावेश करण्यात आला. मध्य प्रदेशातील शहरांत हे दायित्व प्रामुख्याने नगरपालिका व महानगरपालिका यांजकडेच आहे. त्यांची आर्थिक स्थिती आपण जाणतोच. रस्ता, नळ, दिवे यांची गरज नागरिकास रोज भासते. बंबाची गरज वर्षानुवर्षे भासत नाही. बंब हा असा सेवक आहे की जो बाराही महिने दारात उभा राहून वेतन घेतो आणि एखाद्या रात्रीच सारे ऋण फेडतो. साहजिकच अंदाजपत्रकात काटछाट करावयाची वेळ आली की पहिली नजर त्याच्यावर जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी वरिष्ठ सरकारांचे अनुदान आवश्यक ठरते.

केंद्र सरकारने १९५५ साली स्थायी अग्निशमन सल्लागार समिती नेमली. किती लोकवस्तीस किती बंब असावेत, आगीच्या ठिकाणी पहिला बंब किती वेळात पोहोचावा, याची मानके या समितीने घालून दिली. शहरी भागात पाच ते सात मिनिटे व ग्रामीण भागात वीस मिनिटे ही कालमर्यादा त्यांपैकीच होय. बंबांविषयीचे मानक असे की पहिल्या तीन लाख लोकवस्तीपर्यंत दर पन्नास हजारांस एक पंपाची गाडी आणि त्यापुढे दर लाखास एक. २०११ च्या जनगणनेत ग्वाल्हेर नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे ११ लाख भरली. त्या हिशेबाने पहिल्या तीन लाखांस ६ व उरलेल्या आठ लाखांस ८, अशा एकूण १४ गाड्या सज्ज असावयास पाहिजेत; राखीव गाड्या निराळ्या. ही गणिते आपण आपल्या घरी बसून करू शकतो, आणि ती प्रत्येक व्यापाऱ्यास पाठ असावीत.

मानक व वस्तुस्थिती यांत मात्र मोठे अंतर राहिले. केंद्रीय गृहमंत्रालयाने करविलेल्या २०१२ च्या सुमाराच्या पाहणीत, देशास साडेआठ हजारांहून अधिक अग्निशमन केंद्रांची गरज असता प्रत्यक्षात तीन हजारांच्या आतच केंद्रे असल्याचे आढळले. हे अंतर कमी करण्याचे यत्न तत्पूर्वीच सुरू झाले होते. २००९ मध्ये २०० कोटी रुपयांची एक केंद्रीय योजना आखण्यात आली. तेराव्या वित्त आयोगाने, २०१० ते २०१५ या काळासाठी, नगरसंस्थांना मिळणाऱ्या कार्याधारित अनुदानास एक अट जोडली ती अशी की दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरपालिकांनी आगीच्या धोक्यास तोंड देण्याची योजना तयार करून प्रसिद्ध करावी. त्यानंतर पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने राज्यांतील अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण यांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतच्या कालावधीसाठी आखलेल्या या योजनेत राज्याने स्वतःचा २५ टक्के वाटा घालावयाचा होता. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी तो १० टक्के ठेविला होता. एकूण रकमेपैकी ५०० कोटी रुपये, जी राज्ये कायदेशीर व अन्य सुधारणा घडवून आणतील त्यांना प्रोत्साहन म्हणून राखून ठेवले होते.

खरेदीवरून नफ्याचा अंदाज

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एवढ्या रकमेचे फलित काय, हे कसे ठरवावे?

सामान्यतः असे सांगण्यात येते की इतके कोटी मंजूर झाले, त्यांपैकी इतके खर्च झाले, त्यांतून इतकी वाहने आली. वृत्तपत्रांतून नव्या लाल गाड्यांस हार घातल्याची छायाचित्रे येतात व आपण समाधान पावतो. परंतु हीच पद्धत आपण पेढीवर चालवून घेऊ काय? एखाद्या गुमास्त्याने सांगितले की यंदा दहा लाखांचा माल भरला, म्हणजे धंदा उत्तम चालला, तर आपण त्यास हसू. माल भरला ही खरेदी झाली. तो विकला किती गेला, आणि विकून पदरात काय पडले, हे निराळे प्रश्न आहेत. अनुदानासही हाच न्याय लागू आहे. रुपये व वाहने ही खरेदी. आगीच्या ठिकाणी वेळेवर पोहोचून मारलेले पाणी ही विक्री. आणि वाचलेला जीव व वाचलेली मालमत्ता हा नफा. तिन्ही आकडे निरनिराळ्या रकान्यांत लिहिल्याविना ताळेबंद पुरा होत नाही.

कोणी म्हणेल की मग सरळ मृतांचे आकडे पाहावेत. तेही वाटते तितके सोपे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांनुसार आगीच्या दुर्घटनांत २०१४ साली देशात १९ हजारांहून अधिक माणसे दगावली. २०१९ साली हा आकडा ११ हजारांच्या आसपास आला. २०२२ साली तो ७,४३५ होता. म्हणजे आठ वर्षांत मृत्युसंख्या निम्म्याहून खाली आली. याचे श्रेय ५,००० कोटींच्या योजनेस द्यावे, तर ती योजना २०२३ साली जन्मास आली! घट तिच्या आधीच झालेली आहे. भारतात आगीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक राहत्या घरांतील असतात, आणि याच वर्षांत असंख्य घरांतून रॉकेलचा स्टोव्ह जाऊन गॅस आला. या बदलाचाही त्या घटीत वाटा असू शकेल. तात्पर्य, एखादा आकडा खाली आला म्हणजे तो अनुदानानेच आला असे मानणे, हे पाऊस पडला म्हणून आपल्या छत्रीस श्रेय देण्यासारखे आहे.

अमेरिकेचा अनुभव

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे २००१ पासून केंद्र सरकार स्थानिक अग्निशामक दलांना साधनसामग्री, वाहने व प्रशिक्षण यांसाठी थेट अनुदान देत आले. गाड्या आहेत पण त्यांवर माणसे नाहीत असे ध्यानात आल्यावर, २००५ पासून केवळ मनुष्यबळासाठी स्वतंत्र अनुदान सुरू झाले. २००९ साली हेरिटेज फाउंडेशन या संस्थेच्या एका अभ्यासकाने दहा हजारांहून अधिक दलांची १९९९ ते २००६ या वर्षांतील माहिती तपासली. ज्यांना अनुदान मिळाले व ज्यांना मिळाले नाही, अशा दलांची तुलना करून त्याने असा निष्कर्ष काढला की अनुदानामुळे नागरिकांचे वा जवानांचे मृत्यू आणि जखमा यांत लक्षणीय घट दिसत नाही.

हा निष्कर्ष वाचून अनुदान व्यर्थ आहे असे म्हणण्याची घाई करू नये. सरकारी खर्चास आळा घालावा असे ज्या संस्थेचे मत प्रसिद्ध आहे तिने तो काढला, हे एक. आणि दुसरे अधिक महत्त्वाचे कारण असे की लहान गावात आगीने मृत्यू येण्याचा प्रसंग वर्षानुवर्षांतून एखादाच असतो. इतक्या विरळ घटनेवरून एखाद्या गावाच्या दलाची परीक्षा करणे म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या गिऱ्हाइकावरून दुकानाची पारख करणे होय. परंतु त्या अभ्यासाची पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे. अनुदानापूर्वीची स्थिती लिहून ठेवावी. अनुदानानंतरची तिच्याशी ताडून पाहावी. आणि ज्या तुल्य नगरास अनुदान मिळाले नाही त्याच्याशीही तुलना करावी. आरंभीची शिल्लकच जर वहीत लिहिली नाही, तर अखेरची शिल्लक पाहून कोणास काय कळणार?

पाच रकान्यांची वही

मग मोजावे तरी काय? अस्मादिकांच्या मते प्रत्येक नगराने अनुदानाच्या हिशेबासाठी पाच रकान्यांची वही ठेवावी.

पहिला रकाना वेळेचा. दूरध्वनी खणखणल्यापासून नळीतून पाणी सुटेपर्यंत किती मिनिटे गेली? या काळाचे चार भाग पडतात : खबर नोंदवून घेणे, गाडी केंद्राबाहेर पडणे, वाट कापणे, आणि प्रत्यक्ष पाण्याचा मारा सुरू होणे. चारही वेळा निरनिराळ्या लिहिल्या तर दोष कोठे आहे ते तत्काळ उघड होते. गाडी दोन मिनिटांत निघाली पण दौलतगंजच्या तोंडाशी आठ मिनिटे अडकली, तर तेथे आणखी एक मोठी गाडी घेऊन उपयोग नाही. तेथे लहान गाडी वा मोटारसायकलीवरील साधन पाहिजे, आणि रस्त्यावर मांडलेला माल आत घेतला गेला पाहिजे.

दुसरा रकाना माणसांचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, घराच्या आगीवरील २२ आवश्यक कामे चार जणांच्या तुकडीने दोन जणांच्या तुकडीपेक्षा ३० टक्के, व तीन जणांच्या तुकडीपेक्षा २५ टक्के अधिक जलद केली. गाडी तीच, पंप तोच. फरक केवळ माणसांचा. अनुदानाचा भर मात्र बहुधा इमारती, वाहने व यंत्रे यांवर असतो, आणि वेतनाचा भार नगरसंस्थेवर राहतो. त्यामुळे नव्या गाड्या आल्या आणि चालविणारे तेवढेच राहिले, तर एका गाडीवरची माणसे दोन गाड्यांवर वाटली जातात. या माणसांचे मोल आपण कधी विसरू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन या जहाजास आग लागली. जहाजावर कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळाही होता. आग विझविण्यासाठी गेलेले ६६ अग्निशामक त्या स्फोटात मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

तिसरा रकाना पाण्याचा. सर्वसाधारण बंबाच्या टाकीत साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी असते. एका नळीतून मिनिटास साडेचारशे लिटर पाणी जाते असे धरिले, तर टाकी दहा मिनिटे पुरेल. दोन नळ्या लावल्या तर पाचच मिनिटे. त्यानंतर गाडी भरावयास परत जावी लागते, आणि त्या अवधीत आग पुन्हा उसळते. म्हणून बाजारपेठेत हायड्रंट आहेत काय, असल्यास त्यांत दाब आहे काय, जुन्या विहिरी व हौद उपसण्याजोगे आहेत काय, याची नोंद गाड्यांच्या संख्येइतकीच महत्त्वाची आहे. एका हायड्रंटची दुरुस्ती कित्येकदा एका नव्या गाडीहून अधिक फळ देईल, आणि तिचा खर्च गाडीच्या मानाने अल्प असेल.

चौथा रकाना निगेचा. आपण ट्रक घेतला तर त्याच्या किमतीबरोबरच टायर, तेलपाणी, चालक व दुरुस्ती यांचा विचार आधी करतो. अनुदानातून आलेल्या उंच शिडीच्या गाडीस हा विचार अधिकच लागू आहे. वर्षातील ३६५ दिवसांपैकी किती दिवस कोणती गाडी कामावर निघण्याच्या स्थितीत होती, हा एकच आकडा विचारला तरी पुष्कळ उलगडा होईल. यार्डात उभी असलेली गाडी कागदावर मालमत्ता असते. आगीच्या रात्री ती शून्य असते.

पाचवा रकाना प्रतिबंधाचा. दलाने वर्षभरात किती इमारती तपासल्या, किती दोष दाखविले, त्यांपैकी किती दूर झाले? महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यान्वये इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. ही अट कटकटीची वाटते खरी. परंतु वर्षातून दोनदा का होईना, कोणी तरी पंप सुरू करून पाहतो. ज्या आगी लागल्याच नाहीत त्यांची छायाचित्रे छापून येत नाहीत, म्हणून या रकान्याकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. वस्तुतः अनुदानाचा रुपया येथेच सर्वाधिक व्याज देतो असे मानावयास पुष्कळ आधार आहे. तो आधार कोणता, ते आता पाहू.

पहिली मिनिटे कोणाची?

समजा, अनुदान पुरेपूर कारणी लागले. केंद्रे झाली, माणसे भरली, हायड्रंटना पाणी आले, आणि बंब मानकानुसार सातव्या मिनिटास दारात उभा राहिला. तेवढ्याने काम झाले काय?

अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने दोन खोल्या सजवून पेटवून पाहिल्या. एकीत लाकूड, कापूस अशा जुन्या चालीचे सामान होते. दुसरीत आजकालचे कृत्रिम धागे, फोम व प्लॅस्टिक यांचे. जुन्या सामानाची खोली संपूर्णपणे पेट घेण्यास २९ मिनिटांहून अधिक अवधी लागला. नव्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आत सर्वांगाने पेटली. आपल्या आजोबांच्या पेढीवर गादी, तक्के आणि सागवानी पेटी असे. आज काउंटर, छत, पाट्या, वेष्टने आणि बव्हंशी मालही कृत्रिम पदार्थांचा आहे. यावरून दिसेल की सातव्या मिनिटास येणारा उत्तम बंबदेखील पुष्कळदा पेटून चुकलेल्या खोलीपुढेच येऊन उभा राहील. तो शेजारची दुकाने वाचवील, गल्ली वाचवील. परंतु त्या खोलीतील माणसांचे भवितव्य त्यापूर्वीच ठरून गेलेले असेल.

अनुदान विकत घेऊ शकते ती सातव्या मिनिटानंतरची वेळ. त्यापूर्वीची मिनिटे बाजारात विकत मिळत नाहीत. ती दुकानदाराने आपल्या दक्षतेने मिळवावयाची असतात. टूली स्ट्रीटच्या वखारींत आग पसरू नये म्हणून लोखंडी दरवाजे बसविलेले होते. ते त्या दिवशी उघडेच राहिले होते. दरवाजासाठी पैसे मोजले गेले होते. तो ओढून घेण्यास पैसे लागत नव्हते. मुंबईतील काळबादेवी हा आपल्या अनेक नातेवाइकांचा व्यापाराचा मुलूख. तेथील गोकुळ निवास या जुन्या इमारतीस ९ मे २०१५ रोजी आग लागली. मुंबईचे दल हे देशातील अग्रगण्य दलांपैकी एक. तरीही त्या आगीने दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अनुभवी अधिकाऱ्यांचा बळी घेतला. जुन्या दाट बाजारपेठेतील इमारत ही सर्वोत्तम दलासही किती घातक ठरते, याचे याहून कठोर उदाहरण नाही. आपल्या जिन्यात आपण ठेवलेले खोके कोणा अनोळखी जवानाच्या परतीची वाट अडवू शकते, हे आपण स्वतःस विचारून पाहावे.

आपल्या मंडळाने करावयाची कामे

या विवेचनातून आपल्या मंडळापुढे दोन प्रकारची कामे उभी राहतात : काही मागण्याची, काही करण्याची.

मागावयाचे ते असे. दर वर्षी एप्रिल महिन्यात मंडळाने महानगरपालिकेस विनयपूर्वक पत्र लिहून उपरोक्त पाच रकान्यांची माहिती विचारावी. आलेल्या खबरी किती, पहिल्या बंबास लागलेला सरासरी वेळ किती, गाड्यांवर मंजूर व प्रत्यक्ष माणसे किती, चालू हायड्रंट किती, गाड्या बंद राहिल्याचे दिवस किती, तपासण्या किती. माहिती सहज न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहेच. हे पत्र तक्रारीचे नसावे. अग्निशामक दलाचे अधिकारी बहुधा स्वतःच या उणिवांनी त्रस्त असतात, आणि नागरिकांच्या मागणीने त्यांचे हात बळकट होतात. पहिल्या वर्षीचे आकडे कसेही असोत, ते या स्मरणिकेत छापावेत. तीच आपली आरंभीची शिल्लक होय. दुसऱ्या वर्षी तिच्याशी तुलना करता येईल, आणि अनुदानाचे फळ दिसले की नाही हे कोणाच्या भाषणावरून ठरवावे लागणार नाही.

करावयाचे ते याहून निकडीचे आहे. जेथे खाली दुकान व वर बिऱ्हाड आहे, तेथे वरच्या माणसांना दुकानातून न जाता बाहेर पडता येईल अशी दुसरी वाट, निदान गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर जाण्याची सोय, असलीच पाहिजे. तिच्या कुलपाची किल्ली कुलपापाशीच टांगलेली असावी. खिडकीस पक्के गज असल्यास त्यांतील एक चौकट आतून उघडणारी करून घ्यावी. रंग, थिनर, अत्तरे, फटाके असा ज्वालाग्राही माल राहत्या मजल्याखाली साठवूच नये. विजेचे जुने तारकाम दर काही वर्षांनी जाणत्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याहून मोठा बसवून देणारा मनुष्य आपले काम करीत नसून आगीचे करीत असतो. रात्री दुकान वाढविताना मुख्य स्विच बंद करण्याचा परिपाठ ठेवावा. भुकटीचे एक्स्टिंग्विशर दाराजवळ टांगावे, त्याची मुदत पाहावी, आणि ते चालविण्याची रीत नोकरांइतकीच घरातील स्त्रियांना व मुलांना शिकवावी. विजेच्या वा तेलाच्या आगीवर पाणी ओतू नये हे लहान मुलासही ठाऊक असावे. आग दिसताच प्रथम माणसे बाहेर, मग १०१ अथवा ११२ वर खबर, आणि मग मालाचा विचार, हा क्रम कधीही उलटा होऊ नये. दर वर्षी १४ एप्रिलच्या सप्ताहात अग्निशामक दलास आपल्या बाजारात पाचारण करून एक सराव घडवून आणावा. त्या दिवशी बंब गल्लीत कोठे अडतो ते सर्वांस प्रत्यक्ष दिसेल, आणि कोणाची पायरी पुढे आली आहे हे सांगण्याचा अप्रिय प्रसंग कोणावर येणार नाही.

आपल्या धर्माने या बाबतीत आपल्यास आधीच दृष्टी देऊन ठेविली आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत अग्नीशी निगडित अशा हिंसक व्यवसायांचा उल्लेख आहे, कारण एका ज्वालेत किती जीव होरपळतात याची जाण आपल्या आचार्यांना होती. चालताना, उठताना, वस्तू उचलताना व ठेवताना यत्नपूर्वक वागावे, हा जो यत्नाचार मुनिवरांनी सांगितला, तो रात्री दुकानाचा स्विच बंद करणाऱ्या हातालाही लागू आहे. गरजेहून अधिक साठवू नये असे सांगणारे अपरिग्रहव्रत जिन्यातील खोक्यांनाही लागू आहे.

सारांश, अनुदान आवश्यक आहे, आणि ते आणखी मिळावे म्हणून आपण अवश्य झटावे. परंतु त्याची परीक्षा रुपयांत वा गाड्यांत न करता मिनिटांत करावी. सातव्या मिनिटानंतरचा हिशेब सरकारकडे मागावा, आणि पहिल्या सात मिनिटांचा स्वतःकडे. येत्या दीपावलीस नव्या वहीवर शुभचिन्ह रेखिताना प्रत्येक व्यापारी बंधूने एकवार आपल्या जिन्याकडे, तारांकडे आणि वरच्या मजल्यावर निजलेल्या आपल्या माणसांकडे पाहावे. त्या वहीत जमेची सर्वांत मोठी रक्कम तीच आहे.